तारण: आपण ठेवलेलं की आपल्याला मिळालेलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही कळेल. तुमचा जन्म ख्रिस्ती घरातला. तीन महिन्यांचे असताना बाप्तिस्मा, सोळाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे तो विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करण्याचा विधी. आज वय ३८. रविवार चुकत नाही, पगार झाला की दशांश वेगळा काढता, गायनमंडळात गाता, दोन वर्षांपासून चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर आहात. गेल्या महिन्यात एका सभेत वक्त्यानं विचारलं, "ज्यांना आपल्या तारणाची खात्री आहे त्यांनी हात वर करा." शेजारी बसलेल्या पत्नीचा हात वर गेला, तुमचा जाईना. तेव्हापासून झोप उडाली आहे. मी खरंच तारलेला आहे की नुसता धार्मिक? आणि पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का?

मी ३१ वर्षं पाळक आहे. पहिली १४ वर्षं नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत काढली, पुढची पुण्यात. हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. उपासना संपून सगळे बाहेर पडले की एखादा मागे रेंगाळतो आणि म्हणतो, "पाळकसाहेब, एक विचारायचं होतं, पण कुणाला बोलू नका." बहुतेक वेळा तो माणूस पुढच्या दोन-तीन बाकांवरचा असतो. म्हणून लाज वाटू देऊ नका. तुमचा हात वर गेला नाही यात तुमचा प्रामाणिकपणा आहे, आणि पुढचं सगळं त्या प्रामाणिकपणावरच उभं राहणार आहे.

तुम्ही विचारताय, "मी आजवर जे केलं ते खरं होतं की वरवरचं?" या प्रश्नाच्या मागे लागलात तर वर्षानुवर्षं स्वतःलाच तपासत बसाल आणि हाती काही लागणार नाही. गाताना मन लागलं होतं का, प्रार्थनेत डोळे भरून आले होते का, दशांश आनंदानं दिला की सवयीनं? माणसाचं मन एका दिवसात दहा रंग बदलतं, त्यावरून निकाल लागत नाही. विचारायचं ते असं: मी देवापुढे कशाच्या भरवशावर उभा आहे? धार्मिकता आणि तारण यांतला फरक मला इथे दिसतो. बाहेरून दोघांचे हात तीच कामं करताना दिसतील, पण भिस्त निरनिराळ्या जागी असते.

आपल्या भाषेत एक गंमतशीर नव्हे, पण विचार करायला लावणारी गोष्ट आहे. "तारण" हा शब्द आपण देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पापातून सुटका या अर्थानं ऐकतो आणि पतसंस्थेतही ऐकतो. पतसंस्थेत कर्ज हवं असेल तर काहीतरी तारण ठेवावं लागतं: सोनं, घराची कागदपत्रं, ठेवीची पावती. तारण भक्कम असेल तर साहेब खुर्ची देतात. माझ्या अनुभवात पिढीजात ख्रिस्ती माणसाची खरी अडचण ही की देवळातला शब्द त्यानं पतसंस्थेच्या अर्थानं धरलेला असतो. बाप्तिस्म्याचा दाखला, दशांशाच्या पावत्या, आजोबांनी देवळासाठी दिलेली जागा, हे सगळं तो देवासमोर तारण म्हणून ठेवतो आणि म्हणतो, याच्यावर मला स्वर्ग द्या. शुभवर्तमान याच्या नेमकं उलट आहे. आपल्याजवळ ठेवण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून देवानं आपला पुत्र दिला. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल लिहितो, "कारण कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे आणि हे तुमच्या हातून झाले असे नाही, तर हे देवाचे दान आहे." हे वचन तुम्हाला पाठ असेल. पाठ असूनही माणूस पतसंस्थेच्या रांगेत उभा राहतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

आमच्या एका मंडळीचे खजिनदार होते. जवळजवळ ४० वर्षं त्यांनी हिशेब ठेवला. लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या, सुरेख अक्षर, एका पैशाचा फरक नाही. शेवटच्या आजारात मी त्यांना दवाखान्यात भेटायला गेलो. सून बाहेर चहा आणायला गेली तसा त्यांनी माझा हात धरला आणि सांगायला लागले: किती नाताळांचे कार्यक्रम उभे केले, देवळाच्या छपरासाठी किती गावं फिरले, एकदा वर्गणी कमी पडली तेव्हा बायकोच्या पाटल्या कशा मोडल्या. मी ऐकत होतो. सगळं खरं होतं, मला माहीत होतं. बोलता बोलता थांबले आणि अगदी हळू विचारलं, "पाळकसाहेब, पुरेल का?"

ते दोन शब्द मी विसरू शकलेलो नाही. ४० वर्षं देवाच्या घरात वावरलेला, निर्मळ हातांचा माणूस, आणि शेवटी हिशेब जुळेना म्हणून घाबरलेला. मी त्यांना म्हणालो, "काका, नाही पुरणार." त्यांचा चेहरा पडला. मग मी बायबलमधला लूकचा १८ वा अध्याय काढून देवळात प्रार्थनेला गेलेल्या दोघांचा दाखला, म्हणजे दृष्टांत, वाचला: एक परूशी, धर्मनियम काटेकोर पाळणारा, आणि दुसरा जकातदार, ज्याला लोक पापी समजत. "हे देवा, मज पाप्यावर दया कर" या जकातदाराच्या वाक्यापाशी आलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं, ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं, मग स्वतः म्हटलं. वचन म्हणायचं म्हणून नव्हे, मागणं म्हणून. त्यानंतर ११ दिवस ते होते. मी रोज जात होतो. वह्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. "देवानं मला पदरात घेतलं," एवढंच सांगत. त्यांचं तारण त्या दिवशी झालं की आधीच झालेलं होतं आणि खात्री त्या दिवशी मिळाली, हे मी सांगू शकत नाही. ते देवाला ठाऊक. पण भिस्त एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

तो दाखला तुम्हीही परत वाचा, आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यातल्या परूशाला आपण सरळ ढोंगी म्हणून मोकळे होतो. प्रभू येशूनं तिथे त्याला खोटारडा म्हटलेलं नाही. तो आठवड्यातून दोनदा उपास करत होता, मिळकतीचा दशांश देत होता, आणि देवाचे आभारही मानत होता. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. म्हणजे वरवरची धार्मिकता ही काही फक्त लबाडांची गोष्ट नाही. चांगल्या, कष्टाळू, नेमानं चालणाऱ्या माणसाला ती जास्त सहज जडते, कारण दाखवायला त्याच्याजवळ खरोखर काहीतरी असतं. पौलाजवळही होतं. आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, नियमशास्त्राच्या दृष्टीनं निर्दोष. ही सगळी यादी देऊन फिलिप्पैकरांस पत्रात तो म्हणतो की ख्रिस्तासाठी मी हे केरकचरा लेखतो.

तुम्हाला वाटेल, आपण तर जन्मापासून आत आहोत म्हणून असं झालं, स्वतःहून धर्म स्वीकारलेल्यांचं असं होत नसेल. यासाठी पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, लहानग्या लेकीसह, मनोरमेसह. कुणाच्या दबावाखाली वाकणारी ती बाई नव्हती. संस्कृतची पंडिता, तिथल्या मठातल्या भगिनींशी धर्ममतांवरून पत्रांतून वाद घालणारी. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. म्हणजे बाप्तिस्मा विचारपूर्वक झालेला, बायबलचा अभ्यास झालेला, विधवांची सेवा चाललेली. आणि १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडलेला नाही.

त्या काळात त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचं आत्मचरित्र आलं होतं. हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये पाळक होते. १८५१ मध्ये एका रविवारी ते व्यासपीठावरून "ख्रिस्ताविषयी तुम्हाला काय वाटते?" या वचनावर बोलत होते आणि बोलता बोलता त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांवरचा पडदा दूर झाला. खालून एक उपदेशक ओरडला की पाळकाचंच मनपरिवर्तन झालं! दुसऱ्यांना वाट दाखवणारा स्वतः अजून वाटेवर नव्हता, हे वाचून रमाबाई विचारात पडल्या. मी पाळक असल्यामुळे ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. उपदेश लिहायला बसलो की कधीकधी तीच आठवते.

रमाबाईंच्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखं हे की त्या आठ वर्षांतलं त्यांचं काम खोटं नव्हतं. शारदा सदनातल्या मुलींना मिळालेला आसरा खराच होता. नंतर केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं तेव्हाही बाहेरून पाहणाऱ्याला तीच बाई, तीच पांढरी साडी, तेच निराधार बायकांचं काम दिसलं असतं. फरक त्यांना स्वतःला ठाऊक होता. आधी पापाचं ओझं त्या मनावर घेऊन चालत होत्या, नंतर ते उतरलेलं होतं. तुमच्याही बाबतीत, आजवरची गायनमंडळातली वर्षं वाया गेली असं मी म्हणत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण सगळ्यांना एकच औषध देणारे वक्ते माणसांचं नुकसान करतात. काही जणांना आपल्या मनपरिवर्तनाचा दिवसच काय, वेळही सांगता येते. मेथडिस्ट पंथाचे जनक जॉन वेस्ली दीक्षित पाळक होते, उपास करत, तुरुंगात कैद्यांना भेटत, मिशनरी म्हणून अमेरिकेतल्या जॉर्जियाला जाऊन आले. आणि २४ मे १७३८ च्या संध्याकाळी, पावणेनऊच्या सुमारास, लंडनमधल्या एका सभेत त्यांना कळलं की ख्रिस्तानं माझी, माझीच पापं दूर केली आहेत. पण पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं पाहा. त्याची आजी लोईस, आई युनीके, आणि लहानपणापासून पवित्र शास्त्राची ओळख. त्याच्या नव्या जन्माची तारीख शास्त्रात कुठे नाही. आंब्याला कलम बांधतो तेव्हा ते नेमकं कोणत्या दिवशी जीव धरतं हे माळ्यालाही सांगता येत नाही. नवी फूट आली की कळतं. म्हणून "तारीख सांग, नाहीतर तू तारलेला नाहीस" असं कुणी दटावत असेल तर घाबरू नका. तारीख नसणं हा दोष नाही.

मग फूट कशी ओळखायची? इथे मी दोन माणसं आठवतो. एक बाई विश्वास जागा करण्यासाठी भरणाऱ्या प्रत्येक संजीवन सभेला पुढे जायच्या, ढसाढसा रडायच्या, साक्ष द्यायच्या. घरी सून मात्र त्यांच्या पावलांचा आवाज आला की स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. हे कित्येक वर्षं चाललं. रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही, पण ते डोळ्यांपाशीच थांबत होतं.

दुसरे एक शेतकरी. सभेत कधी बोलले नाहीत, गळा नाही म्हणून गायलेही नाहीत. चुलतभावाच्या आणि त्यांच्या रानामध्ये बांध होता. वर्षानुवर्षं नांगरटीला दर वेळी चार-चार बोटं बांध कोरत त्यांनी भावाच्या रानात चांगलं हातभर शिरकाव केला होता. भाऊबंदकीत हे चालतंच, कुणी फार मनावर घेत नाही. एका वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात आम्ही जक्कयाचा, येशू भेटल्यावर फसवून घेतलेलं परत करायला निघालेल्या जकातदाराचा, पाठ घेतला होता. त्यानंतर दोन-तीन रविवार हे गप्पगप्प. एका सकाळी माझ्या दारात उभे, हातात टेप आणि खुंट्या. म्हणाले, "साहेब, चला माझ्याबरोबर, एकट्यानं जायला धीर होत नाही." आम्ही रानात गेलो. त्यांनी भावाला हाक मारली, त्याच्या देखत जुनी खूण दाखवली, टेप धरला, खुंट्या ठोकल्या आणि म्हणाले, "हे तुझं होतं. इतकी वर्षं मी खाल्लं. देवानं मला माफ केलंय, आता तूही कर." भाऊ आधी काही बोललाच नाही. नुसता खुंटीकडे पाहत राहिला. पुढे तोही उपासनेला येऊ लागला असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. बांध मात्र आजही तिथेच आहे.

त्यांच्या वाक्याचा क्रम बघा. "देवानं माफ केलंय" आधी, "तू कर" नंतर. माफी मिळावी म्हणून त्यांनी जमीन सोडली नाही. मिळाली होती म्हणून सोडली. बायबलमध्ये याकोब म्हणतो क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, पौल म्हणतो कर्मांनी तारण नाही. लोकांना हे दोघे भांडताना दिसतात. मला त्या बांधावर दोघेही शेजारी उभे दिसले.

इथे एक सावधगिरी. फळ पाहायचं म्हटलं की आपण लगेच नवी वही उघडतो: आज किती क्षमा केली, किती राग गिळला, पुरेल का? पुन्हा तीच पतसंस्था. फळाकडे पाहायचं ते झाड जिवंत आहे का एवढं कळण्यापुरतं. मत्तयाच्या सातव्या अध्यायात "प्रभूजी, प्रभूजी" म्हणणारे लोक आपली मोठमोठी कामं पुढे करतात, आणि प्रभू त्यांना कामं कमी पडली असं म्हणतच नाही. तो म्हणतो, "मला तुमची कधीच ओळख नव्हती." ओळख नसणं हे दुखणं आहे, आणि वही कितीही भरली तरी ते बरं होत नाही.

तुमच्याबद्दल मी काय म्हणू? तुमचं अंतःकरण मला दिसत नाही. समोर बसला असतात तर चहा पिता पिता मी विचारलं असतं: तुम्ही एकटे असताना, ऐकणारं कुणी नसताना, येशूशी बोलता का? कुणाला कळलं तर कमिटीवरून उठावं लागेल असं काही पाप मनात दडवून ठेवलंय का? आणि सभेच्या रात्री भीती नेमकी कशाची वाटली, देवापासून दूर असण्याची, की पत्नीला काय वाटेल याची? या उत्तरांवर माझा सल्ला बदलला असता. दडवलेलं काही असेल तर आधी ते उजेडात आणावं लागेल. तसं काही नसेल आणि फक्त खात्री नसेल, तर कदाचित तुम्ही आतच आहात, फक्त दाखला खिशात शोधताय.

आणखी एक. कधीकधी ही शंका आत्मिक राहत नाही, आजार होते. एक कॉलेजची मुलगी रोज रात्री ख्रिस्ताला स्वीकारण्याची प्रार्थना करायची, ती नीट झाली नाही असं वाटून पुन्हा करायची, कधी पहाटेपर्यंत. मी तिच्यासाठी प्रार्थना केली आणि मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. दोन्हींचा उपयोग झाला. महिनाभर झोप नसेल तर तुम्हीही डॉक्टरांना दाखवा. यात विश्वासाची कमतरता नाही.

पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का? यावर मंडळ्यांत एकमत नाही, हे सरळ सांगतो. १९७० मध्ये नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा बालबाप्तिस्मा मानणारे आणि प्रौढ विश्वासणाऱ्यांचाच बाप्तिस्मा मानणारे, दोघेही त्यात आले आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. माझा सल्ला, घेऊ नका. निदान आत्ता, या भीतीच्या भरात तर नकोच. बाप्तिस्मा देवाच्या वचनाची खूण आहे. तुम्ही तीन महिन्यांचे असताना तुमच्याजवळ ठेवायला काही नव्हतं, आणि तेव्हाच देवाचं नाव तुमच्यावर उच्चारलं गेलं. पाणी बदलून भिस्त बदलत नाही. भिस्त बदलली तर तेच जुनं पाणी पुरेसं आहे. पुढे अभ्यास करून तुमची खात्री वेगळी झाली तर तुमच्या पाळकांशी बोला. मी तुम्हाला अडवणार नाही.

या आठवड्यात एवढं करा. रात्री मुलं झोपली की एकटे बसा. मागण्यांची यादी नको, वचनांची उजळणी नको. आजवर जे जे तारण म्हणून ठेवत आलात ते एकेक नाव घेऊन देवासमोर उचलून बाजूला करा: कमिटी, दशांश, गळा, घराणं. मग जकातदाराचं वाक्य म्हणा आणि तिथेच थांबा. काही जाणवलं नाही तरी चालेल. खजिनदार काकांनाही त्या दुपारी काही जाणवलं नव्हतं, त्यांनी फक्त वह्यांवरचा हात सोडला होता. दुसऱ्या दिवशी पत्नीला सांगा की माझा हात का वर गेला नव्हता. तिनं तो न गेलेला हात बहुधा पाहिलेला आहे आणि ती तुमच्या बोलण्याची वाट पाहत असेल.